समुद्रापलीकडचा दवाखाना : दूरच्या बेटांवर आरोग्याची माहिती कशी टिकवायची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)

मागच्या काही व्याख्यानांमध्ये आपण रोग, लसी, औषधं यांबद्दल बोललो. आज विषय जरा कोरडा वाटेल : आरोग्याची माहिती. कोण आजारी आहे, कोणाला लस मिळाली, कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध संपलं, या नोंदी कशा ठेवायच्या, कशा पोचवायच्या आणि त्यांचं करायचं काय. पण या कोरड्या वाटणाऱ्या नोंदींवर मुलांचे जीव अवलंबून असतात, हे तासाभरात आपल्याला पटेल अशी आशा आहे.

उदाहरण म्हणून आपण पॅसिफिक महासागरातली बेटं घेऊ. कारण माहिती पोचवणं जिथे सगळ्यात अवघड, तिथे कुठलीही व्यवस्था नेमकी कुठे तुटते ते स्वच्छ दिसतं.

आधी नकाशा पाहू

किरिबाटी नावाचा देश आहे. लिहितात किरिबाटी, तिथले लोक उच्चार करतात ‘किरिबास’. एकूण ३३ बेटं. सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते त्याच्या सव्वा-दीड पट. पण ही बेटं पसरली आहेत जवळजवळ ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात, भारताच्या क्षेत्रफळाहून थोड्या जास्तच. लोकसंख्या सुमारे सव्वा लाख. त्यातले निम्मे राजधानीच्या बेटावर, दक्षिण तरावामध्ये, आणि उरलेले लांब लांब बेटांवर. राजधानीपासून किरितिमाती हे बेट तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत मोजलं तरी एवढं अंतर होत नाही.

आणखी एक गंमत ऐका. १९९५ पर्यंत आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशाच्या मधून जायची. पश्चिमेच्या बेटांवर सोमवार, तेव्हा पूर्वेच्या बेटांवर रविवार. एकाच सरकारची दोन कार्यालयं, आणि दोघांची तारीख वेगळी! १९९५ च्या सुरुवातीला ही रेषा पूर्वेला वळवून सगळा देश एका तारखेत आणला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

शेजारचे देशही असेच. वानुआतूमध्ये ८० हून जास्त बेटं आणि तीन लाख लोक, पण बोलल्या जाणाऱ्या भाषा शंभरावर. टोंगामध्ये सुमारे १७० बेटं, वस्ती फक्त ३६ वर, लोक एक लाख. आता अशा एखाद्या बेटावर एक छोटा दवाखाना आहे अशी कल्पना करा. डॉक्टर नाही, एक नर्स आहे. छपरावर सौर पॅनल आहे. होडी किंवा छोटं विमान हवामान बरं असेल तेव्हा येतं. इंटरनेट कधी आहे, कधी नाही. आणि राजधानीतल्या मंत्रालयाला दर महिन्याला आकडे हवे आहेत.

टक्के वेगळे, नावं वेगळी

सामोआत २०१८-१९ मध्ये काय घडलं ते पाहू. जुलै २०१८ मध्ये तिथे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर दोन तान्ही बाळं दगावली. दोष लसीचा नव्हता. लसीची पूड पाण्यात कालवण्याऐवजी चुकून भूल देताना वापरतात त्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधात कालवली गेली होती. पण कारण पुढे येईपर्यंत लोकांचा विश्वास उडाला होता. सरकारनं ही लस देणं अनेक महिने थांबवलं. आधीच घसरत चाललेलं गोवर लसीकरणाचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोवराची साथ जाहीर झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर आणीबाणी. साथ संपेपर्यंत ५,७०० हून अधिक लोकांना लागण आणि ८३ मृत्यू, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. देशाची लोकसंख्या अवघी दोन लाख. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येला हेच प्रमाण लावलं, तर ४५ हजारांहून जास्त मृत्यू होतील.

या साथीचं मुख्य कारण विश्वासाचा भंग हे होतं, संगणकाचा अभाव नव्हे. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण नाहीतर प्रत्येक दुखण्यावर सॉफ्टवेअर हाच उपाय असं वाटायला लागतं. पण माहितीचा प्रश्न यात होताच, आणि तो टक्क्यांमध्ये दडलेला होता. ‘एक तृतीयांश मुलांना लस मिळाली’ हे कळल्यावर धोका आहे हे समजतं. कुठल्या घराचं दार वाजवायचं, हे समजत नाही. त्यासाठी नावं लागतात.

मग सामोआनं काय केलं? ५ आणि ६ डिसेंबर २०१९ या दोन दिवशी जवळजवळ सगळं सरकारी कामकाज बंद ठेवून कर्मचारी लसीकरणाला जुंपले. लोकांना सांगितलं, घरात लस न मिळालेलं कुणी असेल तर दारासमोर लाल कापड बांधा. पथकं गाड्यांतून फिरत होती, लाल कापड दिसलं की थांबत होती. बघता बघता लसीकरण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं.

ते लाल कापड म्हणजे एक माहिती व्यवस्थाच होती. घराघरातली नोंद, अगदी ताजी, ज्याला गरज त्याला ताबडतोब दिसणारी, आणि घरच्यांनी स्वतः दिलेली. कुठल्याही डिजिटल व्यवस्थेनं निदान एवढं तरी करावं, अशी आपण अपेक्षा ठेवूया. फरक इतकाच, की हे साथ येण्याआधी कळायला हवं. कुठल्या मुलाचा डोस कधी होता आणि तो का चुकला, ही यादी नर्सच्या हातात दर महिन्याला असायला हवी.

आधी नोंद, मग नेटवर्क

आता तांत्रिक भाग. घाबरू नका, सोपा आहे.

आपण शहरात वापरतो ती बहुतेक अ‍ॅप्स इंटरनेट असेल तरच चालतात. नेट गेलं की चक्र फिरत राहतं. बेटावरच्या दवाखान्यात असं अ‍ॅप कुचकामी. बाळंतीण समोर आहे आणि चक्र फिरतंय, असं झालं तर नर्स दोन दिवसांत टॅब्लेट कपाटात टाकेल आणि पुन्हा वही काढेल. तिचं बरोबरच असेल.

म्हणून इथे रचना उलटी करावी लागते. नोंद आधी टॅब्लेटमध्येच पक्की होते, नेट असो वा नसो. नेट मिळालं की ती मुख्य सर्व्हरला जाते आणि तिकडच्या नव्या नोंदी इकडे येतात. याला ‘सिंक’ म्हणतात. बँकेचं जुनं पासबुक आठवा. व्यवहार आधीच झालेले असतात, तुम्ही शाखेत गेलात की एकदम छापून मिळतात. तसंच हे, फक्त दोन्ही बाजूंनी.

यात तीन अडचणी येतात.

पहिली, ओळख. दोन बेटांवर एकाच दिवशी दोन नवे रुग्ण नोंदले आणि दोघांना ‘क्रमांक १०१’ मिळाला तर सर्व्हरवर घोळ होणार. म्हणून प्रत्येक यंत्र स्वतःच असा लांबलचक क्रमांक तयार करतं की तो दुसरीकडे जुळण्याची शक्यता नगण्य.

दुसरी, टक्कर. एकाच बाईची नोंद तिच्या बेटावर बदलली आणि त्याच आठवड्यात राजधानीच्या रुग्णालयातही बदलली. आता खरी कुठली? बरेचदा नियम असतो, शेवटची ती खरी. पण शेवटची कुठली हे ठरतं घड्याळावरून. टॅब्लेटची बॅटरी संपून घड्याळ मागे पडलं असेल, तर जुनी नोंद नवीवर बसते. किरिबाटीत आजही तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा आहेत. म्हणून वेळ सगळीकडे एकाच जागतिक प्रमाणात साठवायची आणि दाखवताना स्थानिक करायची. आणि औषधाची अ‍ॅलर्जी किंवा रक्तगट अशा नोंदींवर टक्कर झाली, तर निर्णय यंत्रानं घ्यायचा नाही, माणसाला विचारायचं.

तिसरी, माणसांची नावं. सामोआत एखाद्याला ‘मताई’ म्हणजे कुटुंबप्रमुखाची पदवी मिळाली की तो त्या नावानं ओळखला जातो. पॅसिफिकमधल्या बऱ्याच समाजांत मूल मावशीकडे किंवा आजीकडे वाढणं नेहमीचं, त्यामुळे मुलाबरोबर दवाखान्यात येणारी बाई दर वेळी वेगळी असू शकते. आपल्याकडे लग्नानंतर माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा जो घोळ होतो, त्याच जातीचा हा प्रश्न. नुसतं नाव आणि जन्मतारीख यावर भागत नाही. आईचं नाव, गाव, फोटो किंवा कार्डावरचा क्रमांक, असं काहीतरी जोडीला लागतं.

अशा साधनांची उदाहरणं आहेत. ‘डीएचआयएस-२’ ही मोफत, मुक्त प्रणाली नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात विकसित होते. तिची मुळं मात्र वर्णभेद संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत आहेत. आज ती ७० हून अधिक देशांत वापरली जाते, वानुआतू आणि सॉलोमन बेटं त्यातलीच. ‘टामानू’ ही रुग्णांच्या नोंदींची मुक्त प्रणाली खास पॅसिफिकसाठी तयार झाली. टामानू हे एका झाडाचं नाव, आणि ते झाड आपल्याला परकं नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला उंडी म्हणतो तेच ते.

केबल तुटते तेव्हा

१५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्सुनामी आली, राख पडली, आणि टोंगाला फिजीशी जोडणारी ८२७ किलोमीटरची समुद्राखालची केबल तुटली. सगळा देश जगापासून तोडला गेला. सुरुवातीला मदार होती ती मोजक्या उपग्रह फोनांवर. दुरुस्तीसाठी जहाज यावं लागलं, आणि केबल सुरू झाली २२ फेब्रुवारीला, म्हणजे पाच आठवड्यांहून जास्त काळानं. देशातल्या देशात बेटांना जोडणारी केबल पूर्ववत व्हायला तर सुमारे दीड वर्ष गेलं.

आणि याच पाच आठवड्यांत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, टोंगात कोविडचे रुग्ण सापडले. आरोग्याच्या माहितीची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच होती.

यातून धडा काय घ्यायचा? ज्या देशाच्या नोंदी फक्त परदेशातल्या सर्व्हरवर असतात, त्याला केबल तुटल्यावर स्वतःचेच रुग्ण दिसत नाहीत. म्हणून निदान एक प्रत देशात हवी, आणि जमल्यास मोठ्या बेटांच्या रुग्णालयातही. पण सगळं एकाच इमारतीत ठेवणंही धोक्याचं. वादळ, त्सुनामी, आग, काहीही होऊ शकतं. एक प्रत जवळ, एक प्रत दूर. आपल्या आज्या दागिने एकाच डब्यात ठेवत नसत, तेच शहाणपण.

दुसरा धोका निसर्गाचा नाही. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला वानुआतू सरकारच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. ईमेल बंद, संकेतस्थळं बंद. कित्येक आठवडे सरकारी कर्मचारी कागद-पेनावर काम करत होते, खाजगी ईमेल वापरत होते. जून २०२५ मध्ये टोंगाच्या राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीवर असाच हल्ला झाला. मोठ्या देशांकडे अशा वेळी धावून जाणारी पथकं असतात. लाखभर लोकांच्या देशात सगळी यंत्रणा सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणून आम्ही वारंवार म्हणतो, कागद हा शत्रू नाही. छापील फॉर्म तयार असावेत, आणि वर्षातून एक-दोन दिवस मुद्दाम संगणक बंद ठेवून काम करून पाहावं. शाळेत आग लागल्याची तालीम घेतात ना, तशी. नंतर तो कागद संगणकात कुणी आणि किती दिवसांत भरायचा, हेही आधीच ठरलेलं असावं. नाहीतर ते गठ्ठे तसेच पडून राहतात.

नर्सचा वेळ कोणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बेटावरची नर्स एकटी असते. बाळंतपण तिनं करायचं, जखम तिनं शिवायची, लस तिनं द्यायची. आणि वर रजिस्टरं : लसीकरणाचं, क्षयाचं, गरोदर बायांचं, मधुमेहाचं, औषधसाठ्याचं. परदेशी मदतीनं चालणारा प्रत्येक कार्यक्रम आपला फॉर्म आणतो, कधी आपलं अ‍ॅपही. एकाच गरोदर बाईचं नाव चार ठिकाणी लिहायचं. डिजिटल झालं म्हणजे काम कमी झालं असं होत नाही. पुष्कळदा वहीही चालू राहते आणि टॅब्लेटही. काम दुप्पट.

याला उतारा एकच : एक नोंद, एकदाच, आणि तिथूनच सगळे अहवाल. शिवाय जे विचारायचं ते कमी विचारायचं. याचं एक चांगलं उदाहरण पॅसिफिकमध्येच आहे. २०१० पासून तिथल्या देशांनी साथींवर लक्ष ठेवण्यासाठी एक सोपी साप्ताहिक पद्धत स्वीकारली. निदान विचारायचं नाही, कारण प्रयोगशाळा दूर आहे. फक्त लक्षणं मोजायची, आणि तीही चारच : ताप आणि पुरळ, जुलाब, फ्लूसारखा आजार, लांबलेला ताप. आठवड्याला चार आकडे. ते फोनवरून सांगता येतात, रेडिओवरून सांगता येतात. नेहमीपेक्षा आकडा वाढला की वरचे लोक जागे होतात, नमुने मागवतात, पथक पाठवतात. चार आकड्यांची ही पद्धत महागड्या प्रणालींनाही काहीतरी शिकवते.

आणि दिलेल्या माहितीचं उत्तर परत आलं पाहिजे. नर्स दर आठवड्याला आकडे पाठवते, पण तिला कधीच काही कळत नाही, असं झालं की हळूहळू आकडे अंदाजपंचे भरले जातात. याउलट, तिनं साठा कमी असल्याची नोंद केली आणि पुढच्या होडीनं औषध आलं, तर पुढची नोंद ती न सांगता करेल. डिसेंबर २०१८ मध्ये वानुआतूच्या इरोमँगो बेटावर ड्रोननं लस पोचवली गेली. डोंगराळ वाटेवरून सुमारे ४० किलोमीटर, २५ मिनिटांत. बातमी ड्रोनची झाली. पण त्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत तापमानावर नजर ठेवणारं यंत्र होतं, आणि लस किती लागणार हे आधी कुणीतरी मोजून कळवलेलं होतं. मागणीच कळली नसती तर ड्रोन काय घेऊन उडाला असता?

लहान आकडे, लहान गाव

दोन गोष्टी बेटांवर विशेष जपाव्या लागतात.

एक, लहान आकड्यांचा फसवेपणा. एखाद्या बेटावर वर्षाला ५० बाळं जन्मतात. एक दगावलं तर बालमृत्यूदर हजारी २०. पुढच्या वर्षी दोन दगावली तर हजारी ४०. दुप्पट झाला म्हणून बोंब उठेल, पण फरक एका बाळाचा आहे. तिथे दर काढत बसण्यापेक्षा तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत, आणि प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करावी. ते एक बाळ का गेलं, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी, गुप्तता. मुंबईत ‘३४ वर्षांची स्त्री, एचआयव्ही बाधित’ असं लिहिलं तर कुणालाच कुणी ओळखता येत नाही. दोनशे लोकांच्या बेटावर नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. कदाचित तिथली नर्सच तिची नणंद असेल. आपलं दुखणं गावभर होईल अशी भीती बसली की माणसं दवाखान्यात येणंच सोडतात. म्हणून लहान आकडे जाहीर करताना बेटं एकत्र करून दाखवावीत, कुणी कुठली नोंद उघडली याची आपोआप नोंद राहावी, आणि ती कुणीतरी खरोखर तपासावी.

प्रश्नोत्तरं

*एका श्रोत्यांनी विचारलं : आता कमी उंचीवरच्या उपग्रहांचं इंटरनेट आलं आहे. मग नेटशिवाय चालणाऱ्या प्रणाली कशाला?*

त्याचा मोठा फायदा होतो आहे, यात शंका नाही. पण डिशला वीज लागते, वादळात ती उडते, आणि महिन्याचं बिल कुणीतरी भरावं लागतं. प्रकल्प संपला की बिल भरणारा नाहीसा होतो. नेट असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडू नये, हे तत्त्व बदलत नाही.

*भारतातल्या बेटांचं काय?*

चेन्नई ते पोर्ट ब्लेअर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि कोची ते लक्षद्वीप जानेवारी २०२४ मध्ये. जोडणी खूप सुधारली. पण केबल बेटापर्यंत येते, शेवटच्या उपकेंद्रापर्यंत नव्हे. आणि बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड जगापासून तुटतं. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना लागतो. आज बोललो त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

*सुरुवात करायची तर पहिलं पाऊल कोणतं?*

सॉफ्टवेअर निवडणं नक्कीच नाही. आधी एका नर्सबरोबर आठवडाभर बसावं. ती किती रजिस्टरं भरते, त्यातलं कोण काय वाचतं, हे लिहून काढावं. जे कुणीच वाचत नाही ते बंद करावं. मग उरलेल्यासाठी साधन शोधावं, आणि ते दुरुस्त करू शकेल असा माणूस त्याच देशात, शक्य तर त्याच बेटावर तयार करावा. बाहेरचा तज्ज्ञ विमानानं येतो आणि विमानानं जातो. प्रणाली मात्र मागे राहते, आणि ती सांभाळणारं कुणी नसेल तर दोन वर्षांत बंद पडते.

वेळ संपली आहे, इथे थांबूया. पुढच्या व्याख्यानात आपण लसींची शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत लस थंड कशी राहते, हे पाहू. आपले प्रश्न पाठवत राहा.